वडाला बांधलेली वार

दारणेच्या काठावरच्या सात-आठ वस्त्यांमध्ये गाय अडली की पहिला निरोप कुसाबाईला जायचा आणि दुसरा गुरांच्या डॉक्टरला. डॉक्टर त्यांच्या सवडीने यायचे. कुसाबाई मात्र पीठ मळत असली तरी तशीच उठायची, हात धुवायची आणि चपला अडकवून चालू लागायची. हात आधी धुवायची, कारण गाईच्या अंगात पीठ जायला नको. काम झाल्यावर कडब्याच्या मुठीने हात पुसायचे, उरलंसुरलं पदराला घासायचं आणि समोर आलेला चहाचा कप धरायचा, असा तिचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही विद्या तिला सासऱ्याने दिली. सासऱ्याचे पंजे होते फावड्याएवढे, पहिलारू कालवडीत ते जायचे नाहीत. सून घरात येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका अडलेल्या कालवडीमागे त्याने तिला उभं केलं आणि म्हणाला, बांगड्या काढ. सासूने आकांत मांडला. सवाष्णीने बांगड्या काढायच्या म्हणजे काय? शेवटी तोड निघाली ती अशी, की कुसाबाईने उजव्या हातात बांगड्या भरायच्याच नाहीत आणि डाव्या हातात दुप्पट भरायच्या. लग्नाकार्यात बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नवरा खंडेराव म्हणायचा, आमची बाई अर्धीच नटते. तो गेला तेव्हा बायका रीतीप्रमाणे बांगड्या फोडायला बसल्या. त्यांनी उजवा हात पुढे ओढला तर तो मोकळाच. शेजारची बायडाबाई हुंदका देता देता मधेच थांबली. कुसाबाई पुढे कधी त्या दिवसाचा विषय निघाला की म्हणायची, निम्मी रांडाव तर मी आधीपास्नंच व्हते. असलं बोलून स्वतःच हसायची, आणि ऐकणाऱ्याला कुठे बघावं ते कळायचं नाही.

हाताला यश होतं तिच्या, ते नाकारून चालणार नाही. वासरू आडवं असो की मान मुडपलेली असो, डोळे मिटून ती आत चाचपडायची, तोंडाने गाईशी बोलायची, आणि घटकाभरात वासरू कडब्यावर. त्याबद्दल तिने नारळ आणि चोळीच्या खणापलीकडे कधी काही घेतलं नाही. तिला हवा असायचा तो मान. तो तिला वडाखाली मिळायचा.

वस्तीच्या मधोमध गुरांना पाणी पाजायचा हौद आहे आणि हौदावर वड. गाय व्याली की वासरामागून वार पडते. ती पडली, नाहीतर अडकली आणि हाताने सोडवली, की गोणपाटात गुंडाळायची, वर हळद-कुंकू टाकायचं आणि नेऊन वडाला बांधायची. वडाला चीक असतो, तसं गाईला दूध फुटावं म्हणून. हे काही एकट्या कुसाबाईचं खूळ नव्हतं. सगळे करायचे, सगळ्यांचे बाप-आजे करत आले होते. बारा महिने त्या वडाला पंधरा-वीस गाठोडी लटकलेली असायची. जुनी दोरी कुजली की गाठोडं खाली यायचं, कधी मातीत, कधी थेट हौदात. कावळे टोचायचे, कुत्री ओढत न्यायची. दर्प यायचा, पण त्या दर्पालाही लोक बरकत समजायचे. आणि गाठ मारायची ती कुसाबाईनेच, कारण तिने बांधलेली वार फळते असं ठरूनच गेलं होतं. ती फांदीकडे हात करायची तेव्हा बाप्ये टोप्या सारख्या करून गप उभे राहायचे.

मुलगा रविराज एकलहऱ्याला थर्मल वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. त्याचं लग्न तीन वर्षांपूर्वी झालं. मुलगी केली मालेगावकडची, उज्वला. बारावी शिकलेली, बोलायला सडेतोड, आणि बोलताना मधूनच 'आहे'च्या जागी तिच्या तोंडी 'शे' यायचं. पहिल्याच दिवशी तिने वडाकडे बघून नाक दाबलं आणि विचारलं, "हे काय शे? केवढा वास मारतो!" सगळी वस्ती हसली. कुसाबाईला राग यायला हवा होता, पण उलट तिला ही पोरगी आवडली. तोंडावर बोलणारी सून परवडली, मागून बोलणारी नको, असं ती बायडाबाईला म्हणाली. दोघींचं चांगलं जुळलं. धारा काढायला दोघी शेजारी बसायच्या. दोन वर्षं पाळणा हलला नाही तेव्हा भावकीतल्या बायका खोचून विचारू लागल्या, तर कुसाबाईने त्यांना सरळ दाराबाहेरचा रस्ता दाखवला. आणि मग उज्वलाला दिवस गेले.

त्याच्या वर्षभर आधीची गोष्ट. बायडाबाईचा मुलगा मल्हारी बाजारातून एक गाभण गाय घेऊन आला. दिसायला देखणी, भरल्या अंगाची. सातव्या महिन्यात ती गाभडली. मेलेलं वासरू पडलं आणि वार आत अडकून राहिली. कुसाबाईने हात घालून ती सोडवली, आणि नेहमीसारखी वडाला बांधली. गाभडलेल्या गाईला दूध बेताचं असतं, म्हणून उलट दोन गाठी जास्तीच्या मारल्या. दोन महिन्यांनी पलीकडच्या मळ्यातली गाय गाभडली. मग आणखी एक. बघता बघता वर्षात सहा गाई. सहाही ठिकाणी कुसाबाईला बोलावणं आलं, आणि एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात तोच हात, तोच पदर, तीच दोरी. लोक डोकं खाजवत होते. कुणी म्हणे थर्मलची राख चाऱ्यावर पडते, कुणी म्हणे पेंडच खराब. कुणाची तरी नजर लागली, असंही निघालं.

ज्येष्ठात कुसाबाईच्या घरची चांदी गाभडली. पहाटेची धार काढायला उज्वला गोठ्यात गेली तर चांदी उभी थरथरतेय आणि मागे कडब्यावर वासराचा गोळा. कुसाबाईने वार सोडवली. तेव्हा तिचा खांदा धरला होता, ओझं उचलवेना. गाठ मारण्यापुरती मी येते मागनं, पण वारेची टोपली तू घे, असं तिने सुनेला सांगितलं. उज्वलाला तिसरा महिना होता. ती मागे सरली, तोंड वाकडं केलं. तेव्हा कुसाबाई तिला म्हणाली, "घरच्या लक्ष्मीची वार घरच्या लक्ष्मीनंच न्यावी. उचल." सासूचा शब्द म्हणून उज्वलाने टोपली उचलली. टोपली पाझरत होती. गुरांना घास कापताना विळा लागून तिच्या अंगठ्याला चीर पडली होती, त्यावरून ते पाणी ओघळत कोपरापर्यंत आलं. घरी येऊन तिने तीन वेळा साबणाने हात धुतले आणि कुसाबाईने तिची थट्टा केली. एवढी किळस करतीस, मग लेकराचं हागमूत कसं काढशील, म्हणाली.

ते लेकरू आलंच नाही. श्रावणात उज्वलाला ताप भरू लागला. एक दिवस यायचा, दोन दिवस जायचा. पाचव्या महिन्यात, सोमवारी दुपारी, नाशिकरोडच्या दवाखान्यात सगळं संपलं. मुलगा होता. कुसाबाईने शेकडो वासरं जगात आणली, शेकडो वेळा मेलेलंही ओढून काढलं, पण दवाखान्याच्या जिन्यात ती अशी मटकन बसली की रविराजला तिला धरून उठवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी ती हौदावर गेली. बायडाबाईने विचारलं, कशी आहे पोरगी? कुसाबाईच्या पोटात आग पेटलेली होती, ती कुणावर तरी पडायला टपलेली. ती म्हणाली, "हिचा पाय पडल्यापास्नं गोठ्यात गाभ टिकंना आन् आता घरातबी टिकंना."

एवढंच बोलली. पुन्हा कधी बोलली नाही. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलंच. बायडाबाईने पदरचं काही घातलं नाही, आहे तेवढंच पुढच्या दारी नेऊन ठेवलं, आणि सासूच म्हणते म्हटल्यावर शंका कोण घेणार? आठवड्यात अशी गत झाली की उज्वला हौदाकडे येताना दिसली की बायका गाभण गाई दुसरीकडे वळवायच्या. मल्हारीच्या बायकोने तर तिला गोठ्याच्या दारातूनच परत फिरवलं. कुसाबाई हे सगळं बघत होती. एका शब्दाने ती हे थांबवू शकली असती. तिने तो शब्द काढला नाही. खोटं कशाला सांगायचं, लोक सुनेकडे बोट दाखवतात तोवर तिच्या हाताच्या यशाकडे कुणी बोट दाखवत नव्हतं, आणि मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात तिला ते बरं वाटत होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उज्वलाची आई सरुबाई आली. पोरीची रया बघून ती ओसरीवरच बसली, आत आलीच नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही. एवढंच विचारलं, "मनी पोरना काय गुन्हा शे, विहीणबाई?" कुसाबाई घासाचा भारा उचलून गोठ्याकडे वळली. उज्वलाने पिशवी भरली. निघताना ती उंबऱ्यात थांबली, चांगली थांबली, आणि सासूकडे बघत राहिली. सासू तेव्हा चांदीच्या पुढ्यात घास टाकत होती. तिने मान वर केली नाही. एस.टी. गेल्याचा आवाज आला तेव्हा तिच्या हातातला घास संपून बराच वेळ झाला होता.

त्यानंतर भावकीला ऊत आला. पोरगा तरणाताठा, किती दिवस असाच ठेवायचा? सिन्नरकडची एक मुलगी सुचवली गेली. दोन्हीकडची चार माणसं बसवून उज्वलाची फारकत करून घ्यायची आणि पुढचं बघायचं, असं ठरलं. होळीनंतरचा रविवार धरला, बैठक मालेगावला, मुलीच्या घरी. रविराज यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. पाळी संपवून यायचा, ताटातलं गिळायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

हिवाळ्यात कुसाबाईचं अंग मोडलं. संध्याकाळी ताप चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा. घामाला भिजून कुजलेल्या कडब्यासारखा वास. कंबर धरली, मांडी घालता येईना. हिवताप म्हणून झालं, टायफॉइड म्हणून झालं, सलाईनच्या बाटल्या झाल्या. माघात गुरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आल्या, तबस्सुम नावाच्या. गाभडलेल्या गाईंचं ऐकून त्या स्वतःच वस्तीवर आल्या आणि घरोघरच्या गाईंचं रक्त घेऊन गेल्या. चांदीचं रक्त घेताना त्यांचं लक्ष ओसरीवर गोधडी पांघरून बसलेल्या कुसाबाईकडे गेलं. मावशी, ताप रोज येतो का, सांधे दुखतात का, गाईची वार तुम्ही काढता का, हातमोजे घालता का, असं एकेक विचारत त्या जवळ येऊन बसल्या. हातमोजे म्हटल्यावर कुसाबाईला हसूच आलं. तबस्सुम हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि ही तपासणी करून घ्या, आजच जा, म्हणून बजावलं.

आठ दिवसांनी कागद आले. चांदीचाही आणि कुसाबाईचाही. दोघींना एकच रोग. तबस्सुमनी ओसरीवर बसून नीट समजावलं. ब्रुसेला नावाचा जंतू असतो. गाभडलेल्या गाईच्या वारेत, त्या पाण्यात, दुधात तो भरलेला असतो. त्याच्यावर गाय तोंड घालते, ते पाणी पिते, आणि तिचाही गाभ पडतो. माणसाला तो हातावरच्या चिरेतून जातो, कच्च्या दुधातून जातो. वार जमिनीत खोल पुरायची असते चुना टाकून, आणि इथे तर ती हौदावर टांगतात. बोलता बोलता त्यांनी वडाकडे बोट केलं. कुसाबाई त्या बोटामागे बघत राहिली. चाळीस वर्षं बघितलेलं झाड, पण त्या सकाळी तिला प्रत्येक गाठोडं वेगळं दिसलं. त्यात हिरव्या सुतळीचं चांदीचं होतं, अजून टिकलेलं.

मग तिने विचारलं, "डॉक्टरीणबाई, बाईचं बी पडतं का यानं?"

तबस्सुमनी कागदांची घडी केली. म्हणाल्या, "पडू शकतं, मावशी. तिचं रक्त तपासल्याशिवाय मी खात्रीनं सांगणार नाही. पण पडू शकतं."

 टोपली कुणी उचलायला लावली ते कुसाबाईला कुणी सांगायला नको होतं.

गोळ्या सुरू झाल्या, दोन प्रकारच्या, पुरे सहा आठवडे. त्यातल्या लाल गोळीने लघवी कुंकवासारखी व्हायची. पण कुसाबाईला खात होतं ते दुसरंच. बैठकीला बारा दिवस राहिले होते. गप्प बसलं तर काही बिघडणार नव्हतं. कागद ट्रंकेत ठेवायचे, गोळ्या संपवायच्या, पोराचं दुसरं लग्न लावायचं. रविराजला तिने कागद दाखवले तेव्हा तोही आधी तेच म्हणाला. कुणाला सांगू नको आई, लोक तुला दारात उभं करणार नाहीत. म्हणाला खरा, पण मग तोच कागद हातात धरून तो किती तरी वेळ बसून राहिला आणि एकदम लहान पोरासारखा रडला. श्रावणातही तो रडला नव्हता.

तीन दिवस ती अन्नाला फक्त शिवून उठली. आपण सांगितलं तर सात वस्त्यांत मिळवलेलं नाव गेलं. सहा गाई, चांदी आणि एक नातू, सगळ्यांचा हिशोब आपल्या हातावर येणार. नाही सांगितलं तर ती पोरगी जन्मभर वाईट पायाची म्हणून जगणार, तिला कुणी दारात घेणार नाही, आणि घेतलं तरी घरात कुत्रं मेलं तरी तिच्याच पायाकडे बघणार. या दोन्हीत जड काय, हे कुसाबाईला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तीन दिवस लागले ते नुसते घाबरण्यात गेले.

बैठकीच्या रविवारी भावकीची माणसं जीपने निघाली. कुसाबाई त्यांच्यात बसली नाही. ती आणि रविराज पहाटेच निघाले, नाशिकला द्वारका चौकात मालेगावची एस.टी. धरली आणि सगळ्यांच्या आधी पोचले. सतरंजी अंथरली होती, पाण्याचा तांब्या ठेवला होता. माणसं जमली, रामराम झाला, घसे खाकरून झाले. उज्वला आतल्या दाराशी भिंतीला टेकून उभी होती, वाळून अर्धी झालेली. कुसाबाईने बोलणाऱ्याला बोलू दिलं नाही. पिशवीतून कागद काढून सतरंजीवर ठेवले.

"माझ्या सुनंच्या पायाचं मीच बोलले व्हते," ती म्हणाली. "ते खोटं हाय. गायी माझ्या हातानं गाभडल्या. रोग हाय तो, मलाबी झालाय, ह्यो कागद. आन् भरल्या पोटाच्या पोरीच्या डोक्यावर ती टोपली मीच दिली. माझा नातू माझ्यामुळं गेला."

 भावकीतला एक म्हातारा टोपी काढून परत घालत बसला. बाहेरच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट तेवढा चालू होता. सरुबाई तोंडात पदर धरून रडायला लागली. कुसाबाईला वाटलं होतं, हे बोललं की छातीवरचा धोंडा उतरेल. काही उतरलं नाही. उज्वला दारातून पुढे आली.

उज्वला म्हणाली, "मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होती. तेव्हा का नाही बोलल्या?"

 कुसाबाई म्हणाली, "तवा मला रोगाचं ठावं नव्हतं. पण तुझा दोष नाय, एवढं तर ठावं व्हतं."

उज्वलाने ते ऐकलं. मग ती जे बोलली त्याने बैठक मोडली. इथे चार भिंतींत सांगून काय उपयोग, ती म्हणाली. बोललात ते हौदावर, तर सांगा पण हौदावरच, सगळ्यांच्या तोंडावर. मग बघू पुढचं. आणि ती आत निघून गेली. फारकतीचा कागद लिहायला आणलेलं पेन कुणीतरी परत खिशाला लावलं. रविराज तिथेच थांबला आणि दुसऱ्या दिवशी उज्वलाला रक्त तपासायला घेऊन गेला. तिलाही तोच रोग निघाला. तिच्याही गोळ्या सुरू झाल्या.

रविराज परतला, त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी गुरं पाण्यावर यायच्या वेळी कुसाबाई वडाखाली जाऊन उभी राहिली. मल्हारी होता, बायडाबाई होती, वस्तीतलं जवळजवळ प्रत्येक घर होतं. तिने सगळं सांगितलं, टोपलीसकट. मग विळा घेऊन एकेक गाठोडं उतरवायला लागली, या वेळी हातात तबस्सुमनी दिलेले लांब मोजे होते. मल्हारी एकदा ओरडला, काकी, बापजाद्यांपास्नं चालत आलंय ते! कुसाबाई त्याला म्हणाली की बापजाद्यांना कागद कुणी दिला नव्हता, मला दिलाय. कुणी मदतीला आलं नाही. बायडाबाई आपली गाय पाणी न पाजताच घेऊन गेली. अंधार पडायच्या आत कुसाबाईने झाड मोकळं केलं, दूर पडीक तुकड्यात छातीएवढा खड्डा रविराजने खणून ठेवला होता, त्यात सगळं टाकून वर चुन्याच्या गोण्या ओतल्या. हौद उपसून चुन्याने धुतला. चुना पडण्याआधी फक्त चांदीच्या गाठोड्यावर तिने हळद-कुंकू टाकलं होतं. का टाकलं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून तिचा फोन वाजायचा थांबला. चैत्रात पलीकडच्या मळ्यात गाय अडली, तिचं हंबरणं कुसाबाईला ओसरीवर ऐकू येत होतं. बोलावणं आलं नाही. ती उठली, दोन पावलं गेली आणि परत येऊन बसली. गाय वाचली की नाही हे विचारायचाही तिला धीर झाला नाही. तबस्सुम मात्र येत राहिल्या. चांदीला वेगळी बांधायला लावली, लहान कालवडींना लस टोचली, आणि घरोघर हेच सांगितलं की ही म्हातारी बोलली म्हणून निम्मी गुरं वाचतील. लोक ऐकून घ्यायचे. एकदोन घरांनी मागे खड्डे खणले. कुसाबाईशी बोलायला मात्र कुणाची जीभ वळली नाही.

रविराज सुटीच्या दिवशी मालेगावला जायचा. काय होतं, काय नाही, आईला सांगायचा नाही आणि तीही विचारायची नाही. तिच्या गोळ्या संपल्या, ताप गेला, कंबर राहिली.

वैशाखात एका सकाळी ती गोठ्यात शेण भरत होती. रिक्षा थांबल्याचा आवाज आला. आधी रविराज उतरला, मग पिशवी, मग उज्वला. हौदावरच्या बायकांच्या हातातल्या बादल्या तशाच राहिल्या. कुसाबाई धावत आत गेली, शेणाचे हात कडब्याला आणि पदराला पुसले, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. परत आलेल्या सुनेच्या पायांवर पाणी घालायचं, तुकडा ओवाळून टाकायचा, मग आत घ्यायचं. ती पायांशी वाकली.

उज्वलाने पाय मागे घेतला.

"पायाला काय झालेलं नाही, आत्याबाई," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हौदापर्यंत जाईल एवढा होता. "तुम्ही आधी हात धुवा. साबणानं."

कुसाबाई वाकलेली तशीच राहिली. मग तिने तुकडा खाली ठेवला. उज्वलाने तिच्या हातातून तांब्या काढून घेतला, न्हाणीतून साबण आणला आणि ओसरीच्या कडेला सासूला बसवलं. कुसाबाईने दोन्ही हात पुढे केले. डावा हात मोकळा होता, उजवा तर जन्मभर मोकळाच. उज्वला पाणी ओतत होती आणि कुसाबाई चोळत होती, बोटांच्या बेचक्यांत, नखांत.

"अजून वर," उज्वला म्हणाली. "कोपरापर्यंत."

कुसाबाई कोपरापर्यंत चोळत राहिली. तिला रडू फुटलं होतं, पण दोन्ही हात फेसाने भरलेले, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. तांब्या रिकामा झाला तेव्हा उज्वलाने तो पुन्हा भरून आणला.